तीन टीबीची डिस्क आणि २००९चा संगणक

२०२३च्या ऑगस्टमध्ये, अधिक श्रावणातल्या शेवटच्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे माझा जुना संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ येऊन थांबली: ‘अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी झीरो’. डिस्कच्या हद्दीबाहेर वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रयत्न झाला, असा तिचा अर्थ. खाली कोणतीही कळ दाबण्याची सूचना होती. कळ दाबल्यावर पडद्यावरून भराभर ओळी सरकत गेल्या आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’ (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हे शब्द उमटून सगळे जागच्या जागी थिजले. मुख्य फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, जोडता येत नाही, अशी तक्रार त्याच्या शेजारी होती. आदल्या रात्री मी डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अकराव्या आवृत्तीवरून बाराव्या आवृत्तीवर गेलो होतो. ही आवृत्ती त्याच वर्षी जूनमध्ये आली होती. सगळे नीट पार पडल्याचा संदेश वाचून मी संगणक बंद केला होता आणि निश्चिंत मनाने झोपलो होतो.

हा संगणक मी २००९ साली घेतला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि २ जीबी रॅम असे त्याचे स्वरूप आहे. घरात याहून चांगला लॅपटॉप असूनही तो मी सांभाळून ठेवला आहे, कारण त्याच्या पीसीआय स्लॉटमध्ये एक जुने साउंड कार्ड आहे आणि ते बसेल असा स्लॉट नव्या मदरबोर्डवर सहसा मिळत नाही. त्या कार्डाला कॅसेट डेक जोडलेला आहे. माझ्या वडिलांनी १९७८ ते १९९६ या काळात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून पुण्यातली व्याख्याने आणि कीर्तने ध्वनिमुद्रित केली. वसंत व्याख्यानमालेतली भाषणे, नारद मंदिरातली कीर्तने, गल्लीतल्या गणेशोत्सवातले कार्यक्रम असा तो ऐवज आहे. त्यांच्यामागे ३६४ कॅसेट राहिल्या. त्यातल्या बहुतेक ९० मिनिटांच्या आहेत. २०१९ साली निवृत्त झाल्यावर मी ३ टीबीची हार्ड डिस्क आणून या संगणकात बसवली, तिच्यावर नव्याने डेबियन टाकले आणि एकेक कॅसेट उतरवून घेऊ लागलो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जाने उतरवले की एका कॅसेटला ३.१ जीबी लागतात. त्या रविवारपर्यंत ३१२ कॅसेट झाल्या होत्या आणि त्यांतल्या काहींच्या साफ केलेल्या प्रती धरून डिस्कवर सुमारे १.१ टीबी मजकूर होता. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पहिल्या दिवशी मी जे केले, ते असा संगणक बाळगणारा कोणीही करतो. कॅबिनेट उघडले, ब्रशने धूळ काढली, रॅम काढून पुन्हा बसवली, डिस्कची साटा केबल बदलली आणि तिचे दुसरे टोक वेगळ्या पोर्टमध्ये लावले. तारीख २००९ची दिसत होती, म्हणून मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदलला. या कशानेही फरक पडला नाही. सेल बदलल्यावर तारीख लावण्यासाठी मी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये गेलो, तेव्हा मात्र डिस्कच्या नावापुढे ‘८०१.५ जीबी’ असा आकडा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. ३ टीबीची डिस्क ८०१ जीबीची कशी झाली? चार वर्षांत मी त्या पानाकडे कधी लक्षपूर्वक पाहिलेच नव्हते. त्यामुळे हा आकडा आज बदलला आहे की पहिल्या दिवसापासून तसाच आहे, हे मला सांगता येईना. डिस्क आतून खचत चालली असावी असा मी तर्क केला. तो चुकीचा होता, पण खुणेची गोष्ट त्याच आकड्यात होती.

सोमवारी डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून, कापडी पिशवीत घालून रिक्षाने दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार तरुण आणि बोलायला सौजन्यशील होता. त्याने डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावून आपल्या विंडोजच्या संगणकाला जोडली, तेव्हा ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल अशी चौकट पडद्यावर आली. डिस्क मॅनेजमेंटच्या चित्रात ती सगळीच्या सगळी रिकामी दिसत होती. “काका, डिस्क गेली तुमची. पार्टिशनच उडालंय. डेटा काढायचा असेल तर मुंबईला पाठवावी लागेल, नाहीतर फॉरमॅट करून विंडोज टाकून देतो,” असे तो म्हणाला. त्याचा हात माउसवर होता. मी म्हणालो, “कृपा करून काहीही दाबू नका,” आणि डिस्क परत घेतली. त्याचे पैसे देऊन दुकानाबाहेर पडलो, तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मी अर्धा तास दुकानाच्या पायरीवर पिशवी छातीशी धरून उभा राहिलो.

त्या दुकानात काय घडले ते मला नंतर समजले. ज्यांच्याकडे मोठ्या डिस्क आहेत त्यांना ते माहीत असावे म्हणून येथे सविस्तर लिहितो. डिस्कवरची जागा सेक्टरमध्ये मोजली जाते आणि बाहेरून पाहता एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कोठून कोठपर्यंत आहेत याची नोंद पार्टिशन टेबलात असते. जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलाचा मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आरंभापासून ५१२ बाइटच्या अंतरावर लिहिलेला असतो. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क जुन्या विंडोजलाही चालावी म्हणून काही यूएसबी अडॅप्टर स्वतःच मध्ये पडून सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचे सांगतात. मग संगणक तो मथळा ४०९६ बाइटच्या अंतरावर शोधतो, तेथे त्याला काहीच सापडत नाही आणि शाबूत डिस्क कोरी दिसते. अडॅप्टरने असे केले नाही, तरी विंडोजला लिनक्सची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम मुळातच वाचता येत नसल्याने फॉरमॅट करण्याचा प्रश्न ती विचारू शकते. त्या चौकटीला कोणी ‘हो’ म्हटले असते, तर तोपर्यंत न झालेले नुकसान त्या क्षणी झाले असते.

घरी येऊन डिस्क पुन्हा जुन्या संगणकातच तिच्या मूळ जागी लावली आणि मुलीच्या लॅपटॉपवर डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार केला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता तिची पाहणी करता येते. संगणक विनातक्रार सुरू झाला. टर्मिनलमध्ये डिस्कची यादी मागवली, तर तीच डिस्क आता २.७ टीबीची दिसली. विक्रेता हजाराच्या पटीत मोजतो आणि ही यादी १०२४च्या पटीत मोजते, म्हणून ३ टीबीचे २.७ दिसतात. जागा तीच असते. म्हणजे बायोसला ८०१ जीबी दिसत होते आणि लिनक्सला पूर्ण डिस्क दिसत होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या तपासल्या. खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य, बदलाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टरही शून्य. रात्रभर, सुमारे सात तास चालणारी दीर्घ चाचणी लावून ठेवली, तीही निर्दोष निघाली.

चाचणी लावण्याआधी पार्टिशन केवळ वाचण्यापुरते जोडले आणि ध्वनिमुद्रणांचा फोल्डर उघडला. सगळी नावे होती. खात्री करण्यासाठी मधलीच एक फाइल लावली. वडील प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख आणि ठिकाण सांगत आणि त्याआधी घसा साफ करत. तो घसा साफ केल्याचा आवाज आला आणि मी खुर्चीत मागे टेकलो.

मंगळवारी सकाळी सर्वांत आधी प्रत काढायला घेतली. दोष काय आहे हे कळण्याआधी दोष दूर करण्याच्या मागे लागू नये, याबद्दल आता माझे मत पक्के आहे. शेजारच्या सोसायटीतल्या मेव्हण्याकडून २ टीबीची बाहेरची डिस्क आणली. या संगणकाची यूएसबी पोर्ट जुन्या, दुसऱ्या पिढीची असल्याने वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास राहिला आणि १.१ टीबी उतरायला दहा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून तुटलेल्या जागेपासून पुढे चालू करता येईल अशा आर-सिंक या प्रोग्रॅमने प्रत काढली. वीज दुपारी एकदा गेलीही.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे माझा भाचा त्या दिवशी जेवायला आला होता. तो लिनक्सच्या सर्व्हरवर काम करतो. मी हकिकत सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “मामा, तू जुन्या कर्नलने सुरू करून बघितलंस का?” मी पाहिले नव्हते. ग्रब नावाचा जो छोटा प्रोग्रॅम संगणक सुरू होताना मेनू दाखवतो, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली आधीचे कर्नल राखून ठेवलेले असतात. प्रत काढून झाल्यावर रात्री आम्ही तेथून ५.१० क्रमांकाचा जुना कर्नल निवडला आणि संगणक चार वर्षे जसा सुरू होत होता तसाच सुरू झाला. पुन्हा बंद करून नवा, ६.१ क्रमांकाचा कर्नल निवडला, तर तीच ओळ आणि तेच ‘पॅनिक’. डिस्क एकच, फोल्डर एकच, शेजारी ठेवलेल्या दोन फाइलींपैकी एक वाचली जाते आणि दुसरी हद्दीबाहेर आहे असे संगणक सांगतो.

“बायोसमध्ये आकडा किती दाखवतो?” भाच्याने विचारले. मी ८०१.५ म्हटले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तीन हजारांतून बावीसशे वजा कर.”

हिशेब आम्ही कागदावर नीट मांडला. माझ्या डिस्कवर ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर आहेत. सेक्टरचा क्रमांक लिहिण्यासाठी माझ्या मदरबोर्डचा बायोस ३२ बिट वापरतो आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढ्याच वेगवेगळ्या संख्या बसतात. त्याला ५१२ने गुणले की साधारण २.२ टीबी होतात. जुन्या स्कूटरच्या मीटरवर पाचच आकडे असत आणि ९९,९९९ किलोमीटरनंतर तो पुन्हा शून्यापासून मोजू लागे. बायोसने माझी डिस्क मोजताना हेच केले होते. एक पूर्ण फेरी संपवून उरलेले १,५६,५५,६५,८७२ सेक्टर तेवढे त्याने खरे मानले आणि ते ८०१.५ जीबी होतात. आम्ही ग्रबच्या मेनूत ‘सी’ ही कळ दाबून त्याची आज्ञावली उघडली आणि डिस्कची माहिती मागितली. त्याने आकार ७८,२७,८२,९३६ किबीबाइट असा दिला. एक किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट, अर्थात दोन सेक्टर. दुप्पट केल्यावर तो आकडा आमच्या कागदावरच्या सेक्टरसंख्येशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. माझ्या हातात पेन्सिल होती. त्या दोन्ही आकड्यांखाली मी रेघ ओढली आणि तो कागद अजून जपून ठेवला आहे.

आता प्रश्न राहिला तो एवढाच, की चार वर्षे हे चालले कसे. लिनक्सचा कर्नल एकदा मेमरीत आला की डिस्कशी स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत बोलतो. तो ४८ बिटांचे क्रमांक वापरतो आणि त्याला बायोसची गरज उरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणे ८०१ जीबीच्या पलीकडे गेली तरी काही बिघडले नाही. बायोसच्या डोळ्यांनी डिस्क पाहावी लागते ती फक्त पहिल्या काही सेकंदांत, ग्रब जेव्हा कर्नल आणि डिस्क जोडण्यासाठी त्याला लागणारी सामग्री असलेली इनिटआरडी नावाची फाइल उचलून मेमरीत ठेवतो तेव्हा. मी डेबियन बसवताना सगळ्या डिस्कचे एकच मोठे पार्टिशन केले होते आणि ‘बूट’ हा फोल्डर त्याच्याच पोटात होता. डिस्क रिकामी असताना या फाइली आरंभाजवळ पडत राहिल्या. नव्या फाइलीला तिच्या फोल्डरजवळच जागा देण्याचा एक्स्ट-फोरचा प्रयत्न असतो, पण जवळचे गट भरलेले असले तर तो पुढे जाऊन मोकळी जागा घेतो. ध्वनिमुद्रणे वाढत गेली आणि अखेर एक दिवस असा आला की नव्या कर्नलच्या इनिटआरडीला बायोसच्या ८०१ जीबीच्या रेषेपलीकडे जागा मिळाली. अपडेटमध्ये काही चूक नव्हती. ती पुढच्या महिन्यात केली असती किंवा मागच्या वर्षी केली असती, तर कदाचित फाइल दुसरीकडे पडली असती आणि हा प्रसंग आला नसता.

‘कदाचित’वर मला थांबायचे नव्हते. फाइलफ्रॅग ही आज्ञा एखादी फाइल डिस्कवर नेमकी कोणत्या ब्लॉकवर आहे ते सांगते. एक ब्लॉक ८ सेक्टरचा धरला, तर बायोसची रेषा १९,५६,९५,७३४व्या ब्लॉकवर येते. पार्टिशन डिस्कच्या आरंभानंतर २ एमबीवर सुरू होते, एवढा ५१२ ब्लॉकचा फरक त्यातून वजा करायचा. जुन्या कर्नलच्या दोन्ही फाइली रेषेच्या पुष्कळ अलीकडे होत्या. नवा कर्नलही अलीकडे होता. नवी इनिटआरडी मात्र २०,७८,६१,२४८व्या ब्लॉकपासून सुरू होत होती, म्हणजे साधारण ८५१ जीबीवर. रविवारच्या दोन्ही संदेशांचा अर्थ आता लागला. कर्नल वाचता आला म्हणून तो सुरू झाला, इनिटआरडी वाचता आली नाही म्हणून आधीची ओळ आली, आणि इनिटआरडीशिवाय कर्नलला डिस्क जोडता आली नाही म्हणून तो कोसळला.

पुण्यात १९९९च्या सुमारास मी कार्यालयातले संगणक सांभाळत असे, तेव्हापासून अशा मर्यादा पाहत आलो आहे, तरी ही मला ओळखू आली नाही याचे वाईट वाटले. एके काळी ही रेषा ५२८ एमबीवर होती, पुढे ८.४ जीबीवर आली. नंतर काही बायोस ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की सुरू होतानाच अडकून बसत, म्हणून डिस्कच्या मागे आकार ३२ जीबी असल्याचे भासवणारा जंपर दिलेला असे आणि तो मी चिमट्याने अनेकदा लावला आहे. त्यानंतर २८ बिटांची १३७ जीबीची रेषा आली. विंडोज एक्सपीला पहिल्या सर्व्हिस पॅकआधी तिच्यापलीकडे पाहता येत नव्हते. प्रत्येक वेळी कारण एकच होते. क्रमांक लिहिण्यासाठी जेवढ्या चौकटी ठेवल्या त्या पुढे अपुऱ्या पडल्या. ही २.२ टीबीची रेषा वेगळी वाटते ती अशासाठी, की येथे संगणक पहिल्या दिवशी अडत नाही. डिस्क बसते, चालते, भरत जाते, आणि माणूस निर्धास्त झाल्यावर अडते.

उपाय निवडताना आमच्यात थोडा वाद झाला. डिस्कच्या अगदी आरंभी ‘बूट’साठी एक छोटे पार्टिशन करणे हा मुळातला योग्य उपाय, आणि नव्याने डिस्क बसवणाऱ्याने तोच करावा. मला मात्र त्यासाठी भरलेल्या पार्टिशनचा आरंभ पुढे सरकवावा लागला असता, सगळा मजकूर डिस्कवरच हलवावा लागला असता, आणि माझा यूपीएस जेमतेम दहा मिनिटे टिकतो. जुना कर्नल कायम ठेवून अपडेट बंद करावेत हे भाच्याने सुचवले. पण त्याचीही इनिटआरडी केव्हा ना केव्हा नव्याने लिहिली जाणार आणि कोठे पडेल ते सांगता येत नाही, म्हणून मी नको म्हटले. दुकानदार म्हणाला होता तसे विंडोज टाकणे तर शक्यच नव्हते. बायोसच्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकावर विंडोज जीपीटी डिस्कवरून बूट होत नाही. जुने एमबीआर टेबल करायचे तर त्यातही सेक्टर क्रमांकाला ३२च बिट असल्याने २.२ टीबीच्या पुढची जागा वाया जाते, आणि तोपर्यंत ध्वनिमुद्रणे पुसली गेलेली असतात. मग ठरले असे, की एक छोटी १२० जीबीची एसएसडी आणायची, ‘बूट’ फोल्डर तिच्यावर हलवायचा, आणि मोठी डिस्क आहे तशी राहू द्यायची. चार साटा पोर्टपैकी दोन मोकळी होतीच.

गुरुवारी एसएसडी आणली. संगणक जुन्या कर्नलने सुरू केला, तिच्यावर १ जीबीचे एक्स्ट-फोर पार्टिशन केले, ‘बूट’मधले सगळे त्यात उतरवले, सुरू होताना ते पार्टिशन आपोआप जोडले जावे म्हणून एफएसटॅब फाइलीत त्याची नोंद केली आणि ग्रब एसएसडीवर बसवला. या सगळ्यात धोका एकाच ठिकाणी असतो. डिस्कना लिनक्स देत असलेली ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे कायमची नसतात. नवी डिस्क लावली किंवा केबल बदलली की ती अदलाबदल होऊ शकतात. एसएसडी यादीत १११.८ जीबीची दिसत होती आणि मोठी डिस्क २.७ टीबीची. प्रत्येक आज्ञेआधी मी यादी पुन्हा मागवली, नाव कागदावर लिहिले, फोनवर भाच्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याने “हो” म्हटल्यावरच एंटर दाबले. त्यामुळे दहा मिनिटांच्या कामाला तास लागला आणि त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

यानंतर संगणक पुन्हा सुरू केला, तर रविवारचीच ओळ समोर आली. काही क्षण काहीच सुचेना. बायोसमध्ये मी ‘आधी हार्ड डिस्क’ असा क्रम लावलेला होता, तरीही हे झाले. बरेच शोधल्यावर ध्यानात आले की माझ्या बायोसमध्ये दोन वेगळ्या याद्या आहेत. एका यादीत हार्ड डिस्क, डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह यांचा आपसातला क्रम असतो, आणि अनेक हार्ड डिस्कपैकी पहिली कोणती हे ठरवणारी दुसरी यादी वेगळ्या पानावर, एक पायरी आत असते. तेथे मोठी डिस्क अजूनही वरच होती. संगणक तिच्यावरच्या जुन्या ग्रबला हाक मारत होता आणि तो बिचारा पुन्हा रेषेपलीकडचीच फाइल शोधत होता. एसएसडी वर आणली, नोंद जतन केली, आणि ६.१ कर्नल पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला.

त्यानंतर मी इनिटआरडी मुद्दाम नव्याने तयार करवली आणि ती कोठे पडली ते पाहिले. १ जीबीच्या पार्टिशनमध्ये ब्लॉकच २,६२,१४४ असल्याने ती आता कितीही वेळा लिहिली गेली तरी त्या आकड्यापुढे जाऊ शकत नाही. वीज पूर्ण बंद करून, काही मिनिटे थांबून, तीन वेळा संगणक सुरू केला. तिन्ही वेळा झाला. बायोस आजही मोठी डिस्क ८०१.५ जीबीचीच सांगतो आणि लिनक्स तीच पूर्ण वापरतो.

मेव्हण्याची डिस्क परत करण्याआधी तेवढ्याच आकाराची एक डिस्क विकत आणली आणि प्रत तिच्यावर उतरवली. आता ती मुलीच्या घरी, कोथरूडला असते आणि दर महिन्याला एकदा येऊन जाते. कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. संगणक कोठून बूट होतो, बायोसमधले दुसरे पान कोणते, ८०१.५ हा आकडा दिसला तर घाबरू नये आणि यूएसबी अडॅप्टरवर डिस्क कोरी दिसली तर फॉरमॅट करू नये, एवढे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. माझ्यानंतर हे कॅबिनेट मुलगी किंवा भाचा उघडील, म्हणून खाली तारीखही घातली आहे.

शुक्रवारी रात्री ३१३वी कॅसेट डेकमध्ये घातली. तिची फीत थोडी ताठरली होती, म्हणून आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेतली आणि मगच रेकॉर्डिंगचे बटण दाबले.